पाठची भावंडं, मागं राहिलेलं गाव : प्रस्तावना

भावाबहिणींचा सिनेमा म्हटलं की राखी, रुसवा आणि शेवटची गळाभेट आठवते. या पुस्तकाचा विषय त्याच्या पुढच्या वयाचा आहे. चाळिशीला टेकलेली भावंडं, आईवडील थकल्यावर किंवा गेल्यावर उरलेलं घर, आणि कुणाचंच काही झाकून राहत नाही असं छोटं गाव. हा विषय समजायला चित्रपटाचं शिक्षण लागत नाही. सातबाऱ्यावर भावाच्या नावाखाली ज्यानं आपलं नाव शोधलं आहे, किंवा जिनं हक्कसोडपत्रावर सही केली आहे, त्यांची निम्मी तयारी झालेलीच आहे.

या चित्रपटांमध्ये बहुधा एक जण गाव सोडून गेलेला असतो आणि एक जण मागं राहिलेला असतो. परत येणाऱ्याचं दुःख दाखवणं सोपं, कारण त्याच्याबरोबर प्रवास येतो, आठवणी येतात. राहिलेल्याकडे दाखवण्यासारखं काय असतं? रोजचं काम, म्हाताऱ्यांचं औषधपाणी, शेजाऱ्यांचे टोमणे. मोठ्या नटांचा आणि मोठ्या भांडवलाचा भार नसलेला स्वतंत्र चित्रपट या माणसापाशी थांबू शकतो. माझ्या मते त्याची खरी कसोटी इथंच आहे.

मराठीत या प्रश्नाची जमीन आधी नाटकानं नांगरली. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये रंगमंचावर आलं. वडील गेल्यावर मुंबईचा सुधीर विदर्भातल्या वाड्यावर येतो, पण आपल्या मनात घर करतात ते भास्कर, चंदू आणि शिकायचं राहून गेलेली प्रभा. पंधरा वर्षांनी अमेरिकेत केनेथ लोनर्गन यांनी ‘यू कॅन काउंट ऑन मी’ (२०००) केला. लहानपणी आईवडील गमावलेली सॅमी मुलाला घेऊन जिथं वाढली त्याच गावात बँकेत नोकरी करते आणि भटकलेला भाऊ टेरी पैसे मागायला येतो. तिथं वाडा नाही, वाटणीचा तंटा नाही, तरी तिच्या स्वयंपाकघरातला अबोला आपल्याला परका वाटत नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘दोघी’नं (१९९५) गेलेल्याचा आणि राहिलेल्याचा हा हिशोबच फिरवला. लग्नाच्या दिवशीच नशीब उलटलेल्या गौरीला मुंबईत देहविक्रीला लावलं जातं. तिच्या पैशावर मागचं घर उभं राहतं, आणि तेच घर तिला उंबऱ्याआत घ्यायला कचरतं. धाकटी कृष्णा मात्र बहिणीला सोडत नाही. या चित्रपटाच्या आदल्याच वर्षी, १९९४ मध्ये, महाराष्ट्रानं वडिलार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतका हक्क दिला होता. कायद्यानं वाटा मिळतो, उंबरा मिळेलच असं नाही. म्हणून या अभ्यासात महसुलाचे कागदही चित्रपटांइतकेच मोलाचे आहेत.

आपल्या विदर्भात अलीकडे जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ (२०२३) घडला. तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, बहुतेक नवख्या स्थानिक माणसांना घेऊन चित्रित झाला. भावंडांचं नातं त्याच्या कडेला आहे. पण पाहायला आलेल्या पुरुषांपुढं नायिका सविता पुन्हा पुन्हा बसवली जाते, तेव्हा गाव सोडायची वाट भावाला आणि बहिणीला सारखी नसते हे लख्ख दिसतं.

ही पानं सिरोंच्यात बसून लिहिली आहेत आणि त्याला कारण आहे. जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली इथून सुमारे २०० किलोमीटर, आणि तेलंगण प्राणहिता नदीपलीकडे. मराठी, तेलुगू, गोंडी एकाच बाजारात ऐकू येतात. पल्याड दिलेली बहीण हाकेच्या अंतरावर असूनही दुसऱ्या राज्याची होते. २०१९ मध्ये गोदावरीवर मेडीगड्डाचा बंधारा सुरू झाला आणि त्याच्या फुगवट्यानं इकडच्या शेतांत पाणी शिरलं. शेत बुडालं की मोबदल्याचा प्रश्न येतो, आणि मोबदल्याबरोबर वारसांची यादी. वर्षानुवर्षं न बोललेली भावंडं मग एका कागदावर येतात. यावर चित्रपट व्हायला हवा, असं मला फार मनापासून वाटतं.

प्रेक्षक तर तयारच आहे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची, वडशाच्या नाटकमंडळींची नाटकं थंडीत रात्रभर चालतात, आणि भाऊ-बहिणीच्या ताटातुटीसाठी लोक घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. त्यांच्या पसंतीला भाबडी म्हणून बाजूला सारणारा अभ्यास मला मान्य नाही. नव्या विद्यार्थ्यानं म्हणून आधी एखादं असं नाटक पूर्ण पाहावं, मग ‘दोघी’ पाहावा, आणि पुढच्या लेखांकडे वळण्याआधी आपल्याच घरात कोण राहिलं, कोण गेलं आणि सही कुणी केली, हे मोठ्यांना विचारून लिहून काढावं.