इग्वासू राहिला, सेते केदास बुडाला

आता आपण इग्वासूला येऊ. अर्जेंटिना आणि ब्राझीलच्या सीमेवरचा हा धबधबा. ग्वारानी भाषेत नावाचा अर्थ 'मोठं पाणी'. तिथे प्राणी-पक्षी बघायला गेलं की पहिली गाठ कोआटींशी पडते. लांब नाकाचे, हातातला खाऊ पळवणारे. पण आपल्याला थांबायचंय ते काळपट पाकोळ्यांपाशी. कोसळत्या पाण्याच्या पडद्यातून त्या थेट आत घुसतात आणि मागच्या ओल्या कातळावर रात्र काढतात, तिथेच घरटी करतात.

१९१६ साली विमानविद्येतले ब्राझीलचे आद्य पुरुष सांतोस-द्युमाँ इथे आले, तेव्हा ब्राझीलच्या बाजूची जमीन चक्क खासगी मालकीची होती! ते तडक कुरितीबाला जाऊन राज्यप्रमुखांना भेटले, आणि त्याच वर्षी जमीन सार्वजनिक उपयोगाची ठरवणारा हुकूम निघाला. राष्ट्रीय उद्यान मात्र १९३९ मध्ये झालं. अर्जेंटिनाने आपलं १९३४ मध्येच केलं होतं.

मग उद्यान झालं की काम फत्ते? तसं नाही. पाराना नदीवर वरच्या अंगाला सेते केदास हा धबधबा होता. पाण्याच्या लोंढ्यात इग्वासूपेक्षा कितीतरी मोठा. १९६१ मध्ये त्याचंही राष्ट्रीय उद्यान झालं. १९८१ मध्ये ते रद्द केलं गेलं, आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये इताइपू धरणाच्या जलाशयाने तो धबधबा गिळला. इग्वासू नदी पारानाला मिळते ती धरणाच्या खालच्या अंगाला, म्हणून त्या जलाशयाचं पाणी पाकोळ्यांच्या कातळापर्यंत आलंच नाही. दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, अर्जेंटिनाचं उद्यान जागतिक वारसा यादीत गेलं.