जात्याचा खुंटा आणि मोटारीचा क्रँक

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आमच्या लहानपणीच्या औरंगाबादला, शाळेची सहल आली की ती पाणचक्की पाहिल्यावाचून परतत नाही. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही अठराव्या शतकातली व्यवस्था. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून आणायचे, उंचावरून पाडायचे, त्याच्या जोराने खाली पात्यांचे चाक फिरवायचे आणि वर जाते. मार्गदर्शक ठरलेली माहिती सांगतो, मुले हौदातले मासे पाहतात आणि बस सुटते. शिक्षकांना माझी एक सूचना आहे. तिथे उभे राहून मुलांना एवढेच विचारावे, ‘याच पाण्यावर जात्याऐवजी लाकूड कापायची करवत चालवायची असती, तर काय करावे लागले असते?’

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. चाक गोल फिरते आणि जातेही गोलच फिरते, म्हणून पाणचक्कीचे काम एका दांड्यावर भागले. करवतीला मात्र पुढे-मागे व्हायचे असते. गोल गतीची सरळ गती किंवा सरळ गतीची गोल गती करायची, तर मध्ये एक वाकडा दुवा लागतो. तो दुवा म्हणजे क्रँक.

आणि गंमत अशी की तो पाणचक्कीत नसला तरी आपल्या आज्यांच्या घरात होता. हाताच्या जात्याचा खुंटा मध्यावर नसतो, कडेला असतो. दळणाऱ्या बाईचा हात पुढे जातो, मागे येतो. जाते मात्र गोल फिरते. मधले अंतर म्हणजे क्रँकची त्रिज्या, आणि खांद्यापासून मुठीपर्यंतचा हात म्हणजे कनेक्टिंग रॉड. फरक एवढाच की माणसाचा हात हुशार असतो. खुंटा अगदी दूर किंवा अगदी जवळ आला की तो न सांगता थोडा बाजूला ढकलतो. इंजिनातल्या दट्ट्याला ही अक्कल नाही. रॉड आणि क्रँक एका रेषेत आले की कितीही जोर लावला तरी चाक फिरत नाही. पायाने चालवायचे शिलाई मशीन असे अडले की शिंपी वरचे चाक हाताने हलकेच ढकलतो, हे पुष्कळ मुलांनी पाहिलेले असेल. त्या जागेला मृतबिंदू म्हणतात, आणि तो ओलांडून नेण्यासाठी जड चाक, म्हणजे फ्लायव्हील लागते.

करवतीचा प्रश्न मात्र फार जुना आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिस येथे तिसऱ्या शतकातली एक दगडी शवपेटी सापडली. तिच्यावर कोरलेल्या चित्रात पाणचक्कीच्या चाकावरून दोन करवती चालताना दिसतात. या चित्राचा नीट अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि क्रँक व कनेक्टिंग रॉड यांची जोडी मध्ययुगातली असे सांगणारी पुस्तके त्या दिवशी जुनी झाली. अल् जझरीने १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या यंत्रांच्या ग्रंथात पाणी उपसण्यासाठी क्रँक वापरला आहे. पुढे इंग्लंडात जेम्स पिकार्डने १७८० मध्ये वाफेच्या इंजिनाला क्रँक लावण्याचे पेटंट घेतले. पायाने चालवायच्या लेथवर जी वस्तू पूर्वापार होती तिचे पेटंट कसले, म्हणून जेम्स वॉट चिडला; पण भांडण्याऐवजी त्याने १७८१ मध्ये एका दातेरी चाकाभोवती दुसरे फिरवण्याची वेगळीच युक्ती काढली. १७९४ मध्ये पिकार्डचे पेटंट संपले, तेव्हा वॉटची कंपनीही निमूटपणे क्रँककडे वळली.

हा इतिहास मी फार नंतर वाचला. क्रँकशी माझी ओळख झाली ती तुटलेल्या क्रँकमुळे.

मी अकरावीत असताना, १९९७ च्या सुमारास, वडिलांकडे जुनी प्रीमियर पद्मिनी होती. इंजिन खालून ठकठक वाजू लागले. एका गॅरेजने क्रँकशाफ्ट काढून ग्राइंडिंग करून आणला, नवी बेअरिंगे घातली, आवाज गेला. वर्षभराच्या आत चिकलठाण्याच्या पुढे जालना रस्त्यावर एक मोठा आवाज होऊन गाडी जागीच थांबली. ट्रकला दोर बांधून ती आणावी लागली. नवा क्रँक आणि सगळे काम, हा खर्च त्या वर्षी घराला जड गेला. आईने त्या वर्षी करायचे ठरवलेले दोन-तीन खर्च पुढे ढकलले, एवढे आठवते.

गाडी या वेळी दुसरीकडे नेली. तिथल्या वयस्क मिस्त्रींना सगळे चाचा म्हणत. त्यांनी मला शेजारी बसवून घेतले आणि इंजिन उघडले. हेड काढले, खालचे तेलाचे चेंबर काढले, टायमिंग चेन आणि फ्लायव्हील उतरवले. मग कनेक्टिंग रॉडच्या टोप्या आणि शेवटी मुख्य बेअरिंगच्या तीन टोप्या. प्रत्येक टोपी सोडवण्याआधी चाचा छिन्नीने केलेल्या खुणा पाहत, आणि नसली तर स्वतः करत. मी विचारले, टोप्या तर सारख्याच दिसतात, कुठलीही कुठे लावली तर?

‘बेटा, या टोप्या ब्लॉकवर बसवून मगच आतून एका रेषेत कापलेल्या असतात. अदलाबदल झाली की भोक गोल राहत नाही. क्रँक फिरेल, पण रडत फिरेल.’

परिभाषा कोशात बेअरिंगला ‘धारवा’ असा चांगला शब्द आहे. गॅरेजमध्ये तो मी कधी ऐकला नाही, म्हणून इथेही बेअरिंगच म्हणतो. एकेकाळी ही बेअरिंगे मोटारीत जागेवरच ओतत असत. आयझॅक बॅबिटने १८३९ मध्ये पेटंट घेतलेल्या मऊ पांढऱ्या धातूचा रस ओतायचा, क्रँकला निळा रंग लावून फिरवायचा आणि रंग जिथे उमटेल तिथे हाताने खरवडायचे. कारागिराचे दिवसच्या दिवस त्यात जात. आता पातळ पोलादी शिंपल्यांवर मऊ धातूचा थर दिलेली तयार बेअरिंगे मिळतात.

मऊ धातू कशासाठी? कारण बेअरिंग बिघडले तरी चालते, क्रँक बिघडता कामा नये. पण खरे पाहता सगळे ठीक असेल तर दोघांचा एकमेकांना स्पर्शच होत नाही. हे कळले अपघाताने. १८८३ मध्ये बोशां टॉवर हा इंग्रज इंजिनियर रेल्वेच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होता. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तर यंत्र चालू होताच तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. त्याने बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर सरकली. मग त्याने तिथे दाबमापक बसवला आणि दिसले की तेलाचा दाब बेअरिंगवरच्या सरासरी दाबाच्या दुपटीहून जास्त आहे. फिरणारा दांडा तेलाला अरुंद होत जाणाऱ्या फटीत खेचतो, तेलाची पाचर तयार होते आणि त्या पाचरीवर सगळा भार तरंगतो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये याचे गणित मांडले.

म्हणून फट महत्त्वाची. ५० मिलिमीटर व्यासाच्या क्रँकला साधारण ०.०५ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. फट वाढली की तेल निसटते, पाचर बनत नाही आणि ठकठक सुरू होते. इंजिन चालू करतानाचा क्षण सर्वांत वाईट, कारण पाचर बनायला आधी दांडा फिरावा लागतो.

इतकी बारीक फट मोजायला मायक्रोमीटर हवा. तो झां लोरां पाल्मर या फ्रेंच माणसाने १८४८ मध्ये पेटंट केला. चाचा प्रत्येक गोलाकार भाग चार-चार ठिकाणी मोजत: उभा, आडवा, या टोकाला, त्या टोकाला. रॉड जिथे बसतो तो भाग गोल झिजत नाही, लंबगोल झिजतो. कारण स्फोटाचा दणका नेहमी एकाच बाजूने बसतो. पद्मिनीच्या दट्ट्याचा व्यास ६८ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३६ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला ४० किलो दाब धरला तर दणका जवळजवळ दीड टनाचा. झीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की ग्राइंडिंग करून तो भाग पुन्हा गोल करतात आणि तेवढे जाड बेअरिंग घालतात. गॅरेजच्या भाषेत ‘दहाचे’, ‘वीसचे’. म्हणजे इंचाचे दहा किंवा वीस हजारांश.

इथेच आमच्या गाडीचा घात झाला होता. चाचांनी तुटलेला क्रँक माझ्या हातात दिला. तुटलेल्या तोंडावर एका कोपऱ्यापासून पसरत गेलेल्या गुळगुळीत रेषा होत्या, ओहोटीनंतर वाळूवर दिसतात तशा. उरलेला थोडा भाग खरबरीत, ताजा. त्या रेषा जिथून निघाल्या होत्या तो कोपरा चाचांनी नखाने दाखवला. ‘गोलाईच ठेवली नाही त्याने.’

गोल भाग जिथे उभ्या भिंतीला मिळतो तिथे कारखान्यात एक गोलसर वळण ठेवलेले असते. ग्राइंडिंग करणाऱ्याने ते पार काढून काटकोन केला होता. माप बरोबर, चकाकी उत्तम, बेअरिंग नवे. आणि ताण नेमका त्या कोपऱ्यात एकवटत होता. लाख किलोमीटर म्हणजे सरासरी वेगाने सुमारे २००० तास. मिनिटाला २५०० फेरे धरले तर एका दट्ट्याचे १५ कोटी दणके. पोलादाला एक दणका काहीच करत नाही. कोट्यवधी दणक्यांत केसाएवढी भेग पडते आणि दर दणक्याला ती किंचित पुढे सरकते.

हे माणसांना फार महागात शिकावे लागले. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डब्यांना आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसे मेली. सतत हादऱ्यांनी लोखंडाचे स्फटिक बनतात आणि ते ठिसूळ होते, असे तेव्हा पुष्कळजण मानत. विल्यम रँकिन या तरुण इंजिनियरने तुटलेले आस तपासून १८४३ मध्ये वेगळेच सांगितले: धातू बदलत नाही, भेग कोपऱ्यापासून हळूहळू आत जाते. उपाय म्हणजे कोपऱ्याला मोठी गोलाई द्या, आणि तीही घडवतानाच द्या, म्हणजे धातूचे तंतू तुटणार नाहीत. पुढे प्रशियाच्या रेल्वेत आउगुस्ट व्होलरने वर्षानुवर्षे दांडे फिरवून पोलादाच्या या थकव्याची मोजमापे केली. क्रँक घडवून करतात त्याचे एक कारण हेच. राइट बंधूंचा मेकॅनिक चार्ली टेलर याच्याकडे १९०३ मध्ये ती सोय नव्हती. त्याने सुमारे ४५ किलोच्या पोलादी पाटातून भोके पाडून, छिन्नीने तुकडे उडवून आणि लेथवर कातून ९ किलोहून हलका क्रँक काढला. पुढे पुण्याजवळ मुंढव्याला भारत फोर्जसारख्या कारखान्यात तापलेल्या पोलादावर साच्यांचा दाब देऊन असे क्रँक घडू लागले.

त्या दिवशी दुसऱ्या एका गाडीचा क्रँकही टेबलावर होता. चाचांनी तो दोरीला टांगला आणि हातोडीने हलकेच टोला दिला. घंटेसारखा नाद घुमत राहिला. तरी त्यांचे समाधान झाले नाही. रॉकेलमध्ये बुडवून, पुसून, वर खडूची पूड लावून तो त्यांनी ठेवून दिला. भेग असती तर आत शिरलेले रॉकेल खडूवर रेघ होऊन उमटले असते. रेल्वेच्या वर्कशॉपात एकोणिसाव्या शतकापासून हीच रीत होती, हे चाचांना ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. शाळेच्या प्रयोगशाळेत तडा गेलेल्या बशीवर हा प्रयोग सहज करता येतो, फक्त आग जवळ नको.

आमचा नवा क्रँक दुसऱ्या दिवशी बसला. तेलाची भोके तारेने आणि हवेने साफ केली. बेअरिंगची पाठ कोरडी पुसली, पोटाला तेल लावले. मधल्या टोपीपासून सुरुवात करून टॉर्क पान्याने बोल्ट तीन टप्प्यांत आवळले. बोल्ट ही ताठ स्प्रिंगच असते, ती ठरावीक ताणली गेली तरच टोपी धरून ठेवते. एक टोपी आवळली की चाचा मला क्रँक हाताने फिरवायला लावत. फिरला, मग दुसरी. फिरला, मग तिसरी. शेवटची टोपी आवळल्यावर त्यांनी माझी मूठ सोडवली आणि म्हणाले, ‘आता दोन बोटांनी फिरव.’

जड क्रँक तेलावरून निःशब्द फिरला. ते तुटलेले टोक मी मागून घेतले. ते आजही माझ्या टेबलावर असते.