गिरणगावचा कौल, १९८४

इंदिरा गांधींच्या हत्येनंतर डिसेंबर १९८४ मध्ये झालेल्या लोकसभा निवडणुकीत परळ-लालबागच्या गिरणगावाने दिलेला निकाल लाटेविरुद्धचा होता. पंतप्रधान थेट निवडला जात नाही, पण त्या वेळी मत मागितले गेले ते राजीव गांधींच्या नावाने आणि देशाच्या ऐक्यासाठी. काँग्रेसला ४०० हून अधिक जागा मिळाल्या. मुंबई दक्षिण-मध्य मतदारसंघात मात्र अपक्ष डॉ. दत्ता सामंत विजयी झाले.

याचे मूळ १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात होते. सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पगारवाढ हवी होतीच. रोज गिरणीच्या दारात उभे राहूनही काम मिळेलच याची खात्री नसलेल्या बदली कामगारांना कायम करावे, ही मागणीही तितकीच जिव्हाळ्याची होती. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने मालकांशी बोलण्याचा हक्क एकट्या काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिलेला. त्यामुळे पोटाचा प्रश्न थेट सत्ताधारी पक्षापाशी जाऊन भिडला. निवडणूक आली तोवर संप हातचा गेला होता. तरीही मत सामंतांनाच पडले. याला निव्वळ व्यक्तिपूजा म्हणणे उथळपणाचे ठरेल.

पुढच्याच, १९८९ च्या निवडणुकीत येथून शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले.