सुखात्मे, पांडुरंग वासुदेव

(२७ जुलै १९११–२८ जानेवारी १९९७). नमुना सर्वेक्षणाचे शास्त्र शेतीला आणि अन्नप्रश्नाला लावून दाखविणारे आंतरराष्ट्रीय कीर्तीचे भारतीय सांख्यिकीविज्ञ. जन्म सातारा जिल्ह्यातील बुध या गावी. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये पदवी घेतल्यावर ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांना नेमन, ईगॉन पिअर्सन व फिशर यांचा सहवास लाभला. लंडन विद्यापीठाच्या पीएच्.डी. (१९३६) व डी.एस्‌सी. (१९३९) या पदव्या त्यांनी मिळविल्या. मायदेशी परतल्यावर कलकत्त्यास काही काळ अध्यापन करून ते दिल्लीस कृषिसंशोधन परिषदेच्या सांख्यिकी विभागात आले व त्याची धुरा त्यांनी १९५१ पर्यंत वाहिली.

त्या काळी पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज मुख्यतः आणेवारीवर, म्हणजे गावकामगारांच्या नजरपाहणीवर अवलंबून असे. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाने अशा अंदाजांची उणीव प्रकर्षाने जाणवून दिली. सुखात्मे यांनी त्याऐवजी पीक कापणी प्रयोगांची पद्धत देशभर रुजविली. गाव, गावातील शेत आणि शेतातील तुकडा ही तिन्ही यादृच्छिक रीतीने निवडावयाची, तुकड्यातील पीक कापून व मळून प्रत्यक्ष वजन करावयाचे, असे तिचे स्वरूप होते. महसूल व कृषी खात्यांच्या नेहमीच्या नोकरवर्गाकडूनच हे काम करून घेतल्याने ते अल्प खर्चात कायमचे चालू राहू शकले.

तुकडा केवढा असावा, यावरून प्रशांतचंद्र महालनोबीस व सुखात्मे यांच्यात महत्त्वाचा वाद झाला. महालनोबीस यांचा भर लहान तुकड्यांवर होता. लहान तुकड्याची सीमा क्षेत्रफळाच्या मानाने मोठी असते आणि सीमेवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल होतो; त्यामुळे उत्पन्न वास्तवाहून अधिक भरते, असे सुखात्मे यांनी १९४६ मध्ये प्रयोगांच्या आधारे दाखविले. नमुने कितीही वाढविले, तरी असा एकाच बाजूला झुकणारा दोष नाहीसा होत नाही, हा या वादातील कळीचा मुद्दा होता.

पुढे सु. दोन दशके रोम येथील अन्न व कृषी संघटनेत त्यांनी सांख्यिकी कार्याचे नेतृत्व केले. १९६० ची जागतिक कृषिगणना याच काळातील. जगातील दोन तृतीयांश लोक उपाशी आहेत, हे त्या वेळी प्रचलित असलेले विधान त्यांनी तपासले. देशाच्या सरासरी आहाराची सरासरी गरजेशी तुलना करणे पुरेसे नसून व्यक्तिव्यक्तींमधील आहाराचे वाटप पाहिले पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादिले. १९६३ च्या तिसऱ्या जागतिक अन्न सर्वेक्षणात पोटभर अन्न न मिळणाऱ्यांचे प्रमाण १० ते १५ टक्के दिले गेले. निकृष्ट आहारामुळे कुपोषित असलेले याहून पुष्कळ अधिक होते. जगातील भूक या विषयावरील त्यांच्या निबंधाबद्दल रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना गाय रौप्यपदक दिले.

निवृत्तीनंतर पुण्यात त्यांनी पोषणविषयक संशोधन चालू ठेवले. भारतातील प्रथिनांची न्यूनता ही बहुतांशी उष्मांकांच्या न्यूनतेचाच परिणाम आहे, तसेच एकाच निरोगी व्यक्तीची उष्मांकांची गरज दिवसागणिक बदलते, असे त्यांचे मत होते. म्हणून सरासरी गरजेऐवजी खालची मर्यादा प्रमाण मानावी, असे ते म्हणत. या मताने गरिबांची गणती कोट्यवधींनी घटते आणि दारिद्र्याचे गांभीर्य कमी लेखले जाते, असा आक्षेप वि. म. दांडेकर, सी. गोपालन प्रभृतींनी घेतला. हा वाद पूर्णतः मिटला नाही. तथापि उपाशी कोणाला म्हणावे, हे ठरविल्याशिवाय उपाशांची मोजणी अर्थपूर्ण होत नाही, ही जाणीव त्यातून दृढ झाली.

*सॅम्पलिंग थिअरी ऑफ सर्व्हेज विथ ॲप्लिकेशन्स* (१९५४) हा त्यांचा ग्रंथ प्रमाणभूत मानला जातो. भारत सरकारने १९७१ मध्ये पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. सांख्यिकीतील दीर्घकालीन कार्यासाठी दिल्या जाणाऱ्या राष्ट्रीय पुरस्कारास त्यांचे नाव देण्यात आले आहे.