वेशीवरील नांव आणि बातमीचा सूर

मोर्णा नदीच्या कांठीं वसलेल्या अकोल्याच्या जुन्या शहरांत असदगड नांवाचा किल्ला आहे. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नांवावरून त्यास हें नांव पडलें, आणि येथील जुने शिलालेख त्याच काळाची साक्ष देतात. परंतु अगरवेशीवर मराठींत एक ओळ कोरलेली असून, १८४३ सालीं गोविंद आप्पाजी यांनीं हा किल्ला बांधला, असें ती सांगते. इतर लेखांशीं तिचा मेळ बसत नाहीं, हें गॅझेटियरकारांनींही नमूद करून ठेविलें आहे. जो तट शतकाहूनही अधिक काळ आधींच उभा होता, तो १८४३ सालीं कोणी नव्यानें कसा बांधणार? डागडुजी झाली असेल, कदाचित् नुसता ताबा आला असेल. परंतु ज्याच्या हातीं वेस आली, त्याचें नांव वेशीवर चढलें, एवढें मात्र खरें. वेशीवरील नांव हें बांधणाऱ्याचें असतेंच असें नाहीं. पुष्कळदां तें केवळ तत्कालीन स्वामीचें असतें.

नांव एकाचें आणि ताबा दुसऱ्याचा, हा प्रकार वऱ्हाडास अपरिचित नाहीं. १८५३ च्या तहानें निजामानें हा प्रांत इंग्रजांकडे सोंपविला. १९०२ च्या करारानें तो वर्षाला २५ लाख रुपये खंडावर त्यांच्याकडे कायमचा राहिला, आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्यप्रांताबरोबर चालूं लागला. राज्य इंग्रजांचें, परंतु नाममात्र प्रभुत्व निजामाचें, ही स्थिति स्वातंत्र्यापर्यंत टिकली. १९५६ सालीं वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. ह्या सर्व उलाढालींत वेशीवरचीं नांवें बदललीं, कागदांवरच्या मुद्रा बदलल्या. परंतु गांवांत बातमी सांगण्याची रीत मात्र एकच राहिली. आधीं दवंडीचा ठोका, मग दवंडी पिटणाऱ्याचा आवाज. त्या ठोक्यानें लोक दारांत येत. ठोका कोणाच्या हुकुमानें पडला, याचा विचार त्यानंतरचा.

वर्तमानकाळांतील वृत्तवाहिन्यांचा आरंभीचा वाद्यध्वनि, पडद्याच्या कोपऱ्यांतील चिन्ह आणि वाहिनीचें नांव हीं सर्व त्या ठोक्याचींच वंशज होत. यांतील कोणती गोष्ट मालकाची आणि कोणती श्रोत्याची, हें पाहावयाचें असेल तर हिंदुस्थानांतील ध्वनिक्षेपणाच्या इतिहासाकडे वळावें लागतें.

१९२३ सालीं मुंबईस व कलकत्त्यास हौशी मंडळींच्या रेडिओ क्लबांनीं ध्वनिक्षेपणास आरंभ केला. पुढें इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खासगी संस्था स्थापन झाली, आणि २३ जुलै १९२७ रोजीं तिच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें झालें. वर्षाला दहा रुपयांचा परवाना, त्यांतला कंपनीच्या वांट्यास येणारा भाग, आणि परवाने घेणारे मूठभर, अशा स्थितींत तीन वर्षांतच कंपनीचें दिवाळें वाजलें. १ एप्रिल १९३० पासून सरकारनें हें काम प्रयोगादाखल आपल्याकडे घेतलें. तेंही न परवडून १९३१ च्या ऑक्टोबरांत सेवा बंद करण्याचें ठरलें. परंतु लोकांची ओरड इतकी झाली कीं, पुढच्याच महिन्यांत निर्णय फिरवावा लागला. श्रोत्याचें मत मालकाच्या हिशेबाहून बलवत्तर ठरण्याचा हा आपल्या देशांतील पहिला प्रसंग म्हणावा लागेल.

८ जून १९३६ रोजीं ह्या सेवेस ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. याच सुमारास तिचा परिचयध्वनिही आला. तंबोऱ्याच्या आधारावर उठणारी व्हायोलिनची ती लहानशी सुरावट वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. कॉफमन हे बोहेमियांतील ज्यू संगीतकार. नाझी राजवटीच्या छायेंतून निसटून ते १९३४ सालीं मुंबईस आले आणि पुढें येथील केंद्रावर पाश्चात्य संगीताचे प्रमुख झाले. परदेशांतून आश्रयास आलेल्या गृहस्थाचे ते सूर हिंदी घराघरांतल्या पहांटेचे सूर झाले, ही इतिहासाची एक गंमतच आहे.

१६ जुलै १९४८ रोजीं नागपूरचें केंद्र सुरू झालें आणि वऱ्हाडाला मराठी नभोवाणी जवळची झाली. स्वातंत्र्यानंतर स्वामी बदलला, परंतु सूर तेच राहिले. म्हैसूर येथें प्राध्यापक एम्. व्ही. गोपालस्वामी यांनीं १९३५ सालीं चालविलेल्या खासगी केंद्राचें 'आकाशवाणी' हें नांव पुढें राष्ट्रीय सेवेनें स्वीकारलें. १९९७ सालीं कारभार सरकारी खात्याकडून प्रसार भारती ह्या वैधानिक मंडळाकडे गेला, आणि २०२३ सालीं 'ऑल इंडिया रेडिओ' हें नांव सोडून केवळ 'आकाशवाणी' म्हणावें, असा आदेश निघाला. हौशी मंडळ, खासगी कंपनी, परकी सरकार, स्वकीय सरकार आणि मंडळ अशीं पांच स्वामित्वें ह्या सेवेनें पाहिलीं. यांपैकीं शेवटच्या तिन्ही स्वामींनीं ती एकच सुरावट वापरली. ती बदलण्याचें धाडस कोणी केलें नाहीं.

दूरचित्रवाणीचीही कथा अशीच आहे. दिल्लीस १९५९ सालीं प्रयोग सुरू झाला, आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई केंद्र उघडलें. १ एप्रिल १९७६ रोजीं दूरदर्शन हें आकाशवाणीपासून वेगळें निघालें. फिरत फिरत डोळ्याचा आकार घेणारें त्याचें चिन्ह आणि पंडित रविशंकर व शहनाईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खां यांची धून, हीं दोन्ही त्या वेगळेपणाचींच खूण होत. मुंबई केंद्राच्या मराठी बातम्यांनीं अनंत भावे, भक्ति बर्वे, स्मिता पाटील, प्रदीप भिडे असे आवाज व चेहरे मराठी घरांना दिले. परंतु हें सुख मुंबई-पुण्याकडचें. १९८२ नंतर देशभर कमी शक्तीचे प्रक्षेपक झपाट्यानें उभे राहिले, तरी त्यांतून मुख्यतः दिल्लीचेच कार्यक्रम येत. लहान शहरांतल्या घरांत धून दूरदर्शनची, भाषा हिंदी व इंग्रजी, आणि बातमी बहुधा राजधानीची! उपग्रहावरून स्वतंत्र मराठी वाहिनी १५ ऑगस्ट १९९४ रोजीं सुरू झाली. तिचें 'सह्याद्रि' हें नांव ५ एप्रिल २००० चें.

त्याच वर्षीं, ९ जुलै २००० रोजीं, ईटीव्ही मराठी ही खासगी वाहिनी निघाली. 'ईनाडु' ह्या तेलुगु दैनिकाचे चालक रामोजी राव यांची ही संस्था. तिचें ठाणें हैदराबादनजीकच्या चित्रनगरींत. जिल्ह्याजिल्ह्यांतील वार्ताहरांनीं पाठविलेली हकीकत हैदराबादेस जावयाची, तेथें तिच्यावर संस्कार व्हावयाचे, आणि मग ती आकाशमार्गें परत वऱ्हाडांतील घरांत यावयाची. ज्या हैदराबादेकडे एके काळीं वऱ्हाडचा वसूल जाई, तिकडूनच वऱ्हाडची बातमी येऊं लागली. पुढें २०१४ सालीं ह्या वाहिनींत टीव्ही१८ ह्या कंपनीनें निम्मा वांटा घेतला, आणि २०१५ सालीं 'ईटीव्ही' हें नांव जाऊन 'कलर्स मराठी' हें नांव आलें.

नांव व ताबा यांच्या फारकतीचें सर्वांत बोलकें उदाहरण मात्र 'माझा' या शब्दाचें आहे. २००३ सालीं केंद्र सरकारनें नियम केला कीं, देशांतून प्रक्षेपण करणाऱ्या वृत्तवाहिनींत परकीय भांडवल शेंकडा २६ हून अधिक नसावें. तेव्हां स्टार ह्या परकीय संस्थेनें कलकत्त्याच्या आनंदबझार पत्रिका समूहाशीं भागी केली. समूहाचा वांटा ७४ टक्के, स्टारचा २६. तथापि पडद्यावर नांव झळके तें स्टारचें. मुख्य मालक कलकत्त्याचा, पाटी परकीयाची. वऱ्हाडावरील निजामाच्या नाममात्र प्रभुत्वाचीच ही नवी आवृत्ति! ह्या भागीदारींतून २००७ सालीं 'स्टार माझा' ही मराठी वृत्तवाहिनी निघाली. २०१२ सालीं स्टारनें अंग काढून घेतलें आणि आपलें नांवही परत मागितलें. १ जून २०१२ पासून ती वाहिनी 'एबीपी माझा' झाली. प्रेक्षकाच्या दृष्टीनें पाहिलें तर पहिला शब्द गेला आणि दुसरा राहिला. पहिला शब्द मालकाचा होता म्हणून तो मालकाबरोबर गेला; दुसरा प्रेक्षकाच्या तोंडचा होता म्हणून तो ठेवणेंच नव्या व्यवस्थेस श्रेयस्कर वाटलें.

वऱ्हाडाशीं अधिक जवळचें असें दुसरें उदाहरण आहे. 'लोकमत' हें नांव लोकनायक बापूजी अणे यांच्या यवतमाळच्या साप्ताहिकाचें. जवाहरलाल दर्डा यांनीं तें नांव पुढें चालविलें, आणि १९७१ सालीं नागपुरास त्याचें दैनिक झालें. २००८ सालीं ह्या संस्थेनें नेटवर्क१८ समूहाशीं भागी करून 'आयबीएन लोकमत' ही वाहिनी काढली. २०१४ सालीं नेटवर्क१८ चा ताबा रिलायन्सकडे गेला, आणि त्यानंतर वाहिनीचें नांव 'न्यूज१८ लोकमत' असें झालें. येथेंही जोडनांवांतील पुढचा भाग बदलला. यवतमाळहून निघालेला शब्द टिकला.

सूर आणि नांव यांवर प्रेक्षकाचा केवढा हक्क असतो, याचें प्रत्यंतर अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरानें दिलें आहे. तेथील सहाव्या क्रमांकाच्या केंद्राचें वृत्तगीत १९७२ सालापासूनचें. ते केंद्र १९७१ सालीं ट्रँगल ह्या प्रकाशनसंस्थेकडून कॅपिटल सिटीज कंपनीकडे आलें होतें. १९९६ सालीं तें डिस्नेकडे गेलें. त्याच वर्षीं गीताची नवी, मोठ्या वाद्यवृंदानें वाजविलेली आवृत्ति लावण्यांत आली. नगरवासीयांनीं तक्रारींचा असा भडिमार केला कीं, थोड्याच दिवसांत जुनें ध्वनिमुद्रण पुन्हां लावावें लागलें. कोट्यवधि डॉलरांनीं केंद्र हातोहात फिरलें, तेव्हां शहरानें ब्र काढला नाहीं. सूर बदलतांच मात्र तें खडबडून जागें झालें.

हा प्रसंग ऐकून हसूं येतें, परंतु त्यांत एक गंभीर इशाराही आहे. मनुष्याचा कान सुराशीं एकनिष्ठ राहतो, आणि त्या निष्ठेच्या आड स्वामित्व निमूटपणें बदलूं शकतें. सूर तोच आहे, चेहरा ओळखीचा आहे, तेव्हां बोलविता धनीही तोच असला पाहिजे, असें घरांतील मंडळी सहज धरून चालतात. उलट पाटी बदलली कीं बातमीही बिघडली, असाही ग्रह होतो. दोन्ही समजुती सारख्याच फसव्या आहेत. अगरवेशीवरील ओळ वाचून जो असदगडाचा इतिहास लिहील तो चुकेल; परंतु ती ओळ वाचावयाचेंच जो टाळील त्यास वेस कोणाच्या ताब्यांत गेली होती हें कधींच कळणार नाहीं.

मग कसोटी कोणती? श्रावणांतील शेवटच्या सोमवारीं गांधीग्रामहून पूर्णेचें पाणी घेऊन असंख्य कावडी जुन्या शहरांतील श्रीराजराजेश्वराच्या मंदिराकडे येतात. त्या दिवशीं दूरच्या वाहिन्यांच्या पडद्यावर अकोल्याचें नांव क्षणभर झळकतें. परंतु मोर्णेच्या पात्राची अवकळा, नळाला किती दिवसांनीं पाणी आलें, कापसाला बाजारांत काय भाव निघाला, ह्या बातम्यांना उत्सवाचा डामडौल नसतो. त्या सांगावयास गांवांत वार्ताहर ठेवावा लागतो, आणि त्याचें वेतन नव्या मालकाच्या पहिल्याच हिशेबांत डोळ्यावर येतें. धून बदलली नाहीं, चिन्ह बदललें नाहीं, परंतु गांवचा वार्ताहर गेला, तर खरें परिवर्तन तेंच होय. आणि तें सुरांतून कानीं पडत नाहीं, पाटीवरूनही वाचतां येत नाहीं. तें केवळ न सांगितल्या गेलेल्या बातम्यांवरून ओळखावें लागतें.

१९३१ सालच्या श्रोत्यांनीं ओरड केली ती एखाद्या धुनीसाठीं नव्हे. सेवा जगावी म्हणून. त्यांची संख्या अल्प होती, तरी त्यांचें म्हणणें मानावें लागलें. दूरचित्रवाणीसमोर बसणाऱ्या घरांची संख्या त्यांच्या कितीतरी पट आहे. दवंडीचा ठोका ऐकून दारांत येणें हा झाला कानाचा धर्म. ठोका कोणाच्या हुकुमानें पडला आणि दवंडींत गांवाची कोणती गोष्ट वगळली गेली, हें विचारणें हा नागरिकाचा धर्म होय.