दुरून येणारा आवाज : मालाड, १९४९

आजच्या अद्भुतरम्य व्हिडिओ गेममध्ये खेळणारा एखाद्या ओसाड वाड्याकडे जसजसा सरकतो, तसतसे तिथले संगीत स्पष्ट होत जाते. अंतराचा हा हिशेब संगणक करतो. मुंबईच्या उपनगरात, मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये, हाच हिशेब एकदा एका गायिकेने पावलांनी केला होता.

हिमांशु राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली उभारलेल्या या संस्थेचा ‘महल’ १९४९ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक कमाल अमरोही, संगीतकार खेमचंद प्रकाश. जुन्या हवेलीत राहायला आलेल्या नायकाला तिथे स्वतःसारख्याच दिसणाऱ्या माणसाची तसबीर सापडते, आणि रात्री एका स्त्रीचे गाणे ऐकू येते. ‘आयेगा आनेवाला’ हे ते गाणे. त्याचा आरंभ तालाविना आहे, आणि आवाज कुठूनतरी दुरून जवळ येतो. हा परिणाम साधण्यासाठी लता मंगेशकर खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मध्यभागी ठेवलेल्या मायक्रोफोनकडे चालत गेल्या, अशी आठवण त्यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे.

मराठी वाचकाला यातला विरोधाभास विशेष जाणवावा. त्यांचे वडील मास्टर दीनानाथ ‘बलवंत संगीत मंडळी’च्या रंगभूमीवर गात, तेव्हा नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणे, म्हणजेच अंतर पुसणे, हे गायकाचे काम होते. विशीच्या उंबरठ्यावरच्या त्यांच्या कन्येला मात्र ते अंतरच ऐकवायचे होते.

जोसेफ विर्शिंग यांच्या छायाचित्रणातल्या सावल्या प्रभावी आहेतच. पण सावलीकडे आपण निरखून पाहू शकतो. आवाजाचा उगम सापडत नाही, तोवर तो सगळ्या वास्तूचाच वाटतो. म्हणूनच कथेच्या अखेरीस कामिनीचे भूत म्हणजे माळ्याची मुलगी आहे, असा उलगडा झाला, तरी गाण्याने घातलेली भूल उतरत नाही. कथानकाने परत घेतलेले अद्भुत संगीताने राखून ठेवले.

या भुलीची किंमतही होती. मूळ ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून नाव छापले गेले ते ‘कामिनी’चे, म्हणजे पात्राचे. खरी गायिका कोण, अशी विचारणा रसिक आकाशवाणीकडे करू लागले, तेव्हा लताबाईंचे नाव पुढे आले. नाव न देण्याचा हा केवळ त्या एका गाण्याचा अपवाद नव्हता. ती त्या काळची रीतच होती. ‘महल’चे संकलक बिमल रॉय यांनी १९५८ मध्ये ‘मधुमती’ दिग्दर्शित केला. त्यातही पुनर्जन्म आहे, आणि साद घालणारा अदृश्य स्त्रीस्वरही. त्या चित्रपटातल्या गाण्यासाठी लताबाईंना १९५९ साली पार्श्वगायनाचा पहिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. तोवर या कामासाठी तो स्वतंत्र पुरस्कारच नव्हता.

साहित्याच्या वर्गात आपण ‘वातावरणनिर्मिती’ हा शब्द सहज वापरतो, जणू वातावरण आपोआप दाटून येते. ‘महल’च्या निमित्ताने ध्यानात येते, की ते कुणीतरी श्रमाने निर्माण केलेले असते. मालाडच्या त्या खोलीत ते एक तरुण मुलगी करत होती, आणि तिचे नाव तबकडीवर नव्हते.