विचारणारं कुणीतरी

ज्येष्ठ वद्य नवमीची सकाळ. विश्रांतवाडीच्या मुकुंदराव आंबेडकर चौकात तुम्ही उभे आहात. दिघीच्या बाजूनं आधी टाळ ऐकू येतात, मग पताका दिसतात, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. रस्त्याच्या कडेला कुणी केळी वाटतंय, कुणी चहा. एक म्हातारी तुमच्याशेजारी दुभाजकावर टेकते, पायातली चप्पल काढून टाचेची भेग अंगठ्यानं दाबते आणि उठता उठता म्हणते, “चला की!” तुम्ही दिंडीत शिरता. आळंदीहून निघालेला हा रस्ता आज तुम्हाला पंढरपूरच्या आधी मागच्या काळात नेणार आहे.

फुलेनगर येतं. इमारती विरळ होतात, डांबर संपून पायाखाली माती लागते. साल 1923. डाव्या हाताला येरवड्याचा तुरुंग आहे. आत गांधीजी शिक्षा भोगताहेत. सोबतचे कैदी जयरामदास त्यांच्या मागे लागलेत, की बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आत्मकथा पुरी करा. गांधीजींचा वाचन-लेखनाचा क्रम आधीच ठरलेला आहे, त्यामुळे ती इथं पुरी होत नाही. 1924 च्या फेब्रुवारीत त्यांची मुदतीआधी सुटका होते आणि 1925 पासून ‘नवजीवन’मधून ‘सत्याचे प्रयोग’ छापून येऊ लागतात. तुरुंगाच्या भिंतीआड असलेल्या या माणसालाही ‘तुमचं आयुष्य लिहा’ म्हणणारं कुणीतरी होतं, एवढं मनाशी धरून पुढे चला.

दिवेघाट चढून तुम्ही सासवड सोडता, काळही पुढे सरकतो आणि तुम्ही जेजुरीत पोचता. इथल्या सभेत बाबासाहेब आंबेडकर बोलताहेत. मेलेली ढोरं खाणं सोडा, पोरं शाळेत घाला, असं ते सांगताहेत, आणि बायांना हे वेगळं बजावताहेत. ऐकणाऱ्यांचे चेहरे नीट पाहून घ्या. या भाषणानं घराघरांत काय उलथापालथ झाली, ते पुढे पुरंदर तालुक्यातल्या वीरगावात आजोळी वाढलेली एक मुलगी लिहिणार आहे. तिचा जन्म 1929 चा. तिच्या महारवाड्यात घुंगरांची काठी वाजवत येसकर, म्हणजे गावकीची पाळी असलेला महार, दारोदार भाकरी मागायला निघतो. सुनांना पहाटेच्या आधी जात्यावर बसावं लागतं. वर्षभर उपासमार असते. फक्त आषाढात घरं सारवली जातात, न्हाणं-धुणं होतं आणि गोडाचा वास सुटतो. ज्या दिवसांत वारी विठोबाकडे चालते, त्याच दिवसांत महारवाड्यातली माणसं चार घास पोटभर खातात.

रस्ता नीरा ओलांडतो, लोणंद आणि तरडगाव मागे पडतात. तुम्ही फलटणला पोचता तेव्हा ती मुलगी मोठी झालेली आहे. तेराव्या वर्षी लग्न झालेल्या बेबीताई कांबळे आता एका किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसल्यात. नवऱ्याबरोबर सुट्या द्राक्षांच्या विक्रीपासून त्यांनी हा धंदा उभा केलाय. “पावशेर गूळ द्या, ताई,” तुम्ही म्हणता. त्या तराजूत गूळ टाकतात, रद्दीतला वर्तमानपत्राचा तुकडा ओढतात आणि पुडा बांधायच्या आधी त्यावर नजर फिरवतात. अर्धी बातमी, फाटलेली गोष्ट, जे हाती येईल ते. त्यांचं वाचन असं पुड्याच्या कागदावर होतं.

नवरा माल आणायला बाहेर गेलाय. तुम्ही दाराआड झालात की वही बाहेर येते. वीरगावची काठी, जातं, भाकरी, अंगात येणाऱ्या बाया, सासुरवासानं मोडलेल्या पोरी असं सगळं कागदावर उतरतं. पावलं वाजली की वही पुन्हा नजरेआड, कुणी हात घालणार नाही अशा कोपऱ्यात जाते. गिऱ्हाईक येतं, त्या उठतात, डाळ मोजतात, पुन्हा बसतात. अर्धं राहिलेलं वाक्य पुरं होतं.

जवळजवळ वीस वर्षं हे असंच चालतं. गांधीजींना तुरुंगात ‘लिहा’ म्हणणारं माणूस मिळालं, ते या बाईला स्वतःच्या घरात मिळत नाही. नवऱ्याचा संशय आणि मार हेही त्यांच्या वाट्याला आलं होतं. या वह्यांमधून पुढे झालेल्या पुस्तकात त्यांनी ते मांडलं नाही, कारण समाजाचं दुःख त्यांना स्वतःच्या दुःखापेक्षा मोठं वाटत होतं. पुढे त्यांच्या अनुवादक माया पंडित यांनी मुलाखतीत विचारलं, तेव्हा त्या बोलल्या.

मग एक दिवस फलटणमध्ये राहून मुलांच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन बेबीताईंशी बोलतात. अभ्यासाच्या गप्पांतून लेखनाचा विषय निघतो आणि कोपऱ्यातल्या वह्या उजेडात येतात. 1982 साली ‘स्त्री’ मासिकातून ते लेखन क्रमशः छापून येतं. 1986 साली ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपानं निघतं आणि 2008 साली माया पंडित यांच्या अनुवादातून इंग्रजीत पोचतं. महारवाडा गावाकडून काय सोसत होता हे त्यात आहेच. त्याच महारवाड्यातल्या पुरुषांनी आपल्या बायांना काय सोसायला लावलं, हेही बेबीताईंनी लपवलं नाही. आपल्या माणसांवर माया असलेली बाईच इतकं खरं लिहू शकते. निंबुरे इथं त्यांनी वंचित मुलांसाठी आश्रमशाळाही उभी केली. 2012 मध्ये त्या गेल्या.

संघर्षाच्या आत्मकथा वाचताना आपण लिहिणाऱ्याच्या धीराला दाद देतो, आणि ती द्यायलाच हवी. पण फलटणच्या त्या दुकानात उभं राहून आलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट उमगते. धीर वीस वर्षं होता, वह्याही होत्या, फक्त ‘तुम्ही काय लिहिता?’ असं विचारणारं कुणी नव्हतं. तो प्रश्न विचारायला विद्वत्ता लागत नाही, तिथं थांबून ऐकायची तयारी लागते. विश्रांतवाडी, धानोरी, कळस भागातल्या कितीतरी घरांत दुष्काळानं गाव सुटलेल्या, धुणीभांडी करून पोरं शिकवलेल्या आया आणि आज्या आहेत. त्यांची कहाणी वहीत नसेल, ओठांवर असेल. मागच्या काळातून परत आल्यावर तुमच्या हातून होण्याजोगं काम हेच: आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा, त्यांना विचारा, आणि त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.